नेत्रतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना नेमके कोणते काम करते?

गंगापूररोडकर

गेल्या महिन्यात माझ्या पत्नीच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शहरातील एका खासगी रुग्णालयात झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि आता ती पूर्वीसारखी सुईत दोरा ओवते, त्यामुळे निकालाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एक गोष्ट मात्र मनात राहून गेली. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी बाहुली मोठी करणारे थेंब दोनतीन वेळा डोळ्यात घातल्यानंतर तिच्यापुढे तीन पानांचे इंग्रजी संमतिपत्र ठेवण्यात आले. एका डोळ्यात मोतीबिंदू आणि थेंब, दुसऱ्या डोळ्यात न काढलेला मोतीबिंदू, अशा अवस्थेत तिला मराठीही वाचता आले नसते. तिने सही केली आणि खाली साक्षीदार म्हणून मी केली. मीही ते धड वाचले नाही, हे येथे कबूल करतो.

बाहेर बसलो असताना समोरच्या भिंतीवर ‘ऑल इंडिया ऑप्थॅल्मॉलॉजिकल सोसायटी, आजीव सदस्य’ असे चौकटीतले प्रमाणपत्र दिसले. मी बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली आहे. आमच्याकडे कर्जाच्या कागदावर ग्राहकाने काय वाचून सही केली, याचे परिपत्रक वरून येत असे आणि ते पाळले नाही तर तपासणीत लाल शेरा मिळत असे. नेत्रतज्ज्ञांच्या या राष्ट्रीय संघटनेकडूनही अशी परिपत्रके येत असतील का, या उत्सुकतेपोटी मी थोडे वाचन केले. संघटना १९३० सालची आहे, तिचे कार्यालय दिल्लीत आहे, पंचवीस हजारांच्या आसपास सदस्य आहेत आणि तिचे नियतकालिक १९५३ पासून निघते, एवढे समजले. पण त्या प्रमाणपत्राचा खुर्चीवर बसलेल्या रुग्णाशी काय संबंध, हे मात्र उलगडले नाही. संघटना डॉक्टरांची चौकशी करू शकते का, शस्त्रक्रियेचे नियम ती ठरवते का, की वर्षातून एकदा भरणारी मोठी परिषद एवढेच तिचे काम आहे? येथे काही नेत्रतज्ज्ञ आणि आरोग्य विभागातील जाणकार मंडळी आहेत. त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

डॉ_नेत्रांजन

काका, प्रश्न चांगला आहे आणि आमच्यातील पुष्कळ सदस्यांनाही त्याचे उत्तर नीट देता येणार नाही. मी नाशिकमध्ये बावीस वर्षे काम करतो आहे आणि तितकीच वर्षे या संघटनेचा सदस्य आहे. तिच्या कोणत्याही पदावर मी कधी नव्हतो, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

सर्वप्रथम एक गल्लत दूर करतो. भिंतीवरचे ते प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. डॉक्टरला व्यवसाय करण्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद देते, तिचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी पाच वर्षांत सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. चुकीबद्दल नोंदणी निलंबित करण्याचा अधिकारही त्याच परिषदेला आहे. आमची संघटना स्वेच्छेची आहे. ती सदस्यत्व देऊ शकते किंवा काढून घेऊ शकते, परंतु एखाद्याचे सदस्यत्व गेले म्हणून त्याचा दवाखाना बंद होत नाही.

मग उरते काय? माझ्या मते उरते ते बरेच मोठे आहे, फक्त ते रुग्णाला दिसत नाही. ज्या विषयात प्रत्येक डॉक्टर आपापल्या गुरूच्या सवयीप्रमाणे वागत असतो, त्या विषयात देशभरातील जाणकारांना एकत्र बसवून ‘निदान एवढे तरी केलेच पाहिजे’ असा कागद तयार करणे, हे संघटनेचे खरे काम आहे. उदाहरण म्हणून आपल्या काकूंच्याच शस्त्रक्रियेचे घ्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत सर्वांत मोठी भीती असते ती डोळ्याच्या आतील जंतुसंसर्गाची. तो टाळण्यासाठी संघटनेने मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. चीर देण्यापूर्वी डोळ्यात पाच टक्के पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण घालून काही मिनिटे थांबणे, प्रत्येक रुग्णासाठी निर्जंतुक केलेला वेगळा उपकरणसंच वापरणे, ऑटोक्लेव्हमधील, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातील, संचासोबत निर्जंतुकीकरणाची खूणपट्टी ठेवून तिचा रंग बदलल्याची नोंद करणे, डोळा धुण्यासाठी वापरलेल्या द्रावणाच्या बाटलीचा बॅच क्रमांक रुग्णाच्या कागदावर लिहिणे, अशा या गोष्टी आहेत. शेवटची गोष्ट कारकुनी वाटते, पण एकाच दिवशी चार डोळ्यांत संसर्ग झाला तर दोष बाटलीत होता की उपकरणांत, याचा माग फक्त त्या क्रमांकावरून लागतो.

शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक सोडण्याची पद्धत आता आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. तिच्यामागे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने सहा लाखांहून अधिक डोळ्यांच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आहे. त्यांच्याकडे संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांपर्यंत खाली आले. असे आकडे परिषदेत मांडले जातात, त्यांच्यावर भांडणे होतात आणि दोनतीन वर्षांत निफाड किंवा मालेगावच्या डॉक्टरच्या टेबलावर ते औषध दिसू लागते.

परिषद म्हणजे जत्रा, असे आमच्यातलेच काही जण म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे. तरीही बोकडाच्या डोळ्यांवर नवीन टाके घालण्याचा सराव मी तिथेच केला. माझ्या रुग्णांवर तो सराव करण्याची वेळ आली नाही, हे त्यांचे भाग्य.

रोखठोक_सातपूर

डॉक्टरसाहेब, आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, पण जत्रेचा उल्लेख एका वाक्यात उरकला. माझा भाऊ औषध कंपनीत प्रतिनिधी होता आणि त्याच्याकडून मी जे ऐकले आहे, त्यावरून अशा परिषदांचा मोठा खर्च भिंगे, यंत्रे आणि थेंब विकणाऱ्या कंपन्यांच्या दालनांतून निघतो. ज्या मंडपात महागड्या भिंगाची दालने लागलेली असतात, त्याच मंडपात कोणते भिंग कोणाला बसवावे, याचे व्याख्यान होते. हा हितसंबंधांचा प्रश्न नाही का? नाशिकमध्ये एका रुग्णाला एकाच आजारासाठी तीन ठिकाणी तीन दर सांगितले जातात आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे परदेशी भिंग आहे’ एवढेच स्पष्टीकरण मिळते.

डॉ_नेत्रांजन

प्रश्न आहेच. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधविक्रीच्या आचारसंहितेत डॉक्टरांना भेटवस्तू देणे आणि त्यांच्या प्रवासाचा वा हॉटेलचा खर्च करणे यांवर बंधने घातली. परिषदांमधील दालने मात्र चालू आहेत आणि त्यांच्याशिवाय एवढा पसारा उभा राहत नाही, हेही खरे. व्याख्यानापूर्वी वक्त्याने आपले आर्थिक संबंध जाहीर करणारी एक स्लाइड दाखवायची असते. ती साधारण दोन सेकंद पडद्यावर राहते.

भिंगाच्या बाबतीत रुग्णाने एक गोष्ट करावी. प्रत्येक भिंगाच्या खोक्यात कंपनीचे नाव, मॉडेल, नंबर आणि अनुक्रमांक असलेले स्टिकर असते. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेले आहे का, ते पाहावे आणि नसेल तर मागावे. आणि महाग भिंगाने दृष्टी आपोआप अधिक चांगली होते असे नाही. एका अंतरासाठीचे साधे भिंग नीट बसले, तर दूरचे उत्तम दिसते आणि वाचायला चष्मा लागतो. त्या चष्म्यापासून सुटका हवी असेल तर जास्त पैसे द्यायचे की नाही, हा निर्णय रुग्णाचा.

सुरगाणेकर_निवृत्त

मी १९८४ ते २०१९ या काळात जिल्ह्याच्या आदिवासी तालुक्यांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून सेवा केली. डॉक्टर नव्हे, डोळे तपासणारा, नंबर काढणारा आणि शिबिरासाठी रुग्ण गोळा करणारा माणूस. डॉक्टरसाहेबांनी ‘निदान एवढे तरी’ असा शब्दप्रयोग केला आहे. ते ‘एवढे’ नसताना काय होत असे, ते मी पाहिले आहे, म्हणून थोडे लांबण लावतो.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला शिबिर म्हणजे आश्रमशाळेच्या वर्गखोल्या धुऊन, फळे काढून, दोन लाकडी टेबलांवर केलेल्या शस्त्रक्रिया. मोतीबिंदू आख्खा बाहेर काढला जाई, आत भिंग बसवले जात नसे. रुग्णांना सतरंज्यांवर ओळीने उताणे झोपवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत, म्हणजे मान हलू नये. नातेवाईक शाळेच्या व्हरांड्यात नागलीच्या भाकरी भाजत. काही आठवड्यांनी प्रत्येकाला अधिक दहा नंबरचा जाड चष्मा मिळे. तो फुटला की माणूस पुन्हा आंधळा. चष्म्याची काडी सुतळीने बांधलेले म्हातारे मी बाजारात कितीतरी वर्षे पाहत असे. डॉक्टर मंडळी जीव तोडून काम करत, याबद्दल शंका नाही. मात्र त्या खोलीत संसर्ग झाला तर त्याचा हिशेब ठेवणारे कोणी नव्हते.

१९८६ साली उत्तर प्रदेशात खुर्जा येथील शिबिरात ८४ जणांची दृष्टी गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९ साली निकाल लागला. डोळ्यात वापरलेले सलाइन दूषित असल्याचे चौकशीत पुढे आले होते. आमच्या वरिष्ठांनी त्या निकालानंतर शिबिराच्या कागदपत्रांकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली, हे मला स्पष्ट आठवते. पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प आला, त्यात महाराष्ट्र होता. त्यानंतर चित्र पालटले. गावात फक्त तपासणी करायची आणि रुग्णाला गाडीने पक्क्या ऑपरेशन थिएटरमध्ये आणायचे, अशी पद्धत रूढ झाली. भिंग आले, टाक्याविना करायची लहान छेदाची शस्त्रक्रिया आली, चष्म्याच्या सुतळ्या संपल्या.

यात माझे म्हणणे एवढेच आहे की नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने कागद काढला म्हणून आश्रमशाळेतील टेबले उठली नाहीत. न्यायालयाने दट्ट्या दिला, सरकारने पैसा दिला आणि संघटनेच्या लोकांनी नवीन शस्त्रक्रिया शिकवली. या तिन्हींतली एक गोष्ट जरी नसती, तरी मी आजही सतरंज्या मोजत बसलो असतो.

अनघा_इंदिरानगर

मी डॉक्टर नाही, पण ‘निदान एवढे तरी’ हा विषय निघाला म्हणून लिहिते. माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली आणि तिचे वजन १४०० ग्रॅम होते. ज्या रुग्णालयात ती काचेच्या पेटीत होती, तेथून आम्हाला घरी सोडताना दूध, वजन, लसी यांविषयी सर्व सांगितले गेले. डोळ्यांचा विषय मात्र कोणी काढला नाही. घरी मालिशीला येणाऱ्या बाईंच्या सुनेने, जी दुसऱ्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, सहज विचारले, “ताई, पडदा तपासला का?” आम्हाला तो शब्दच नवीन होता. सव्विसाव्या दिवशी तपासणी झाली, पुढच्या आठवड्यात लेझर झाले आणि आज ती दुसरीत आहे व उणे चार नंबरचा चष्मा लावून झाडावर चढते.

नंतर मी वाचले की ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाच्या डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासावा, अशी आपल्या देशाची मार्गदर्शक सूचना आहे. ती लिहिलेली होती, छापलेली होती, इंटरनेटवर होती. ती माझ्यापर्यंत मालिशवाल्या बाईंच्या सुनेमार्फत आली. यात दोष कोणाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

डॉ_नेत्रांजन

अनघाताई, आपल्या मुलीला अनेक आशीर्वाद. आपल्या उदाहरणात ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा सगळा अर्थ आला आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो.

अमेरिकेतील निकष १५०० ग्रॅम किंवा ३० आठवडे असा आहे. आम्ही शिकलो ती पुस्तके तिकडची. त्या पुस्तकाप्रमाणे गेले तर १८०० ग्रॅम वजनाच्या बाळाला तपासायचे कारण नाही. परंतु आपल्याकडे प्राणवायू मोजूनमापून देण्याची सोय सर्वत्र नसल्याने आणि संसर्गाचे प्रमाण अधिक असल्याने जास्त वजनाच्या बाळांमध्येही पडद्याचा हा आजार आढळतो. भारतीय डॉक्टरांनी ही बाळे मोजली आणि ते आकडे भारतीय नियतकालिकांतून छापले, तेव्हा कुठे २००० ग्रॅमचा निकष उभा राहिला. तो केवळ नेत्रतज्ज्ञांचा नाही. नवजात बालकांच्या डॉक्टरांची संघटना आणि सरकारचा बालस्वास्थ्य कार्यक्रमही त्यात आहेत.

बुबुळाच्या जखमांचेही तसेच. श्रीमंत देशांत बुबुळावरील जखमेचे नेहमीचे कारण कॉन्टॅक्ट लेन्स आणि जिवाणू असते. आपल्याकडे उसाचे पाते, भाताची लोंबी किंवा काडी लागून बुरशीची जखम होते. तिच्यासाठी नॅटामायसिन हे जुने औषध नव्या महागड्या औषधापेक्षा सरस ठरते, हे २०१३ साली दक्षिण भारतात झालेल्या चाचणीने दाखवले. हे उत्तर बाहेरून येणारच नव्हते, कारण तिकडे हा प्रश्नच एवढा मोठा नाही.

आणि २०२१ ची म्युकरमायकोसिस, म्हणजे कोविडच्या साथीत फोफावलेला काळ्या बुरशीचा आजार. त्या मे महिन्यात नाशिकमध्ये आम्ही रोज सकाळी ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या कुप्या मोजत होतो. एकेका रुग्णाचा डोळा काढायचा की ठेवायचा, हे ठरवताना कोणाकडेच पुरेसा अनुभव नव्हता, कारण हा आजार पूर्वी वर्षातून एखादाच दिसे. संघटनेचे नियतकालिक ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’ आणि डोळ्याच्या भोवतालच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांची संघटना यांनी मिळून देशातील शंभरावर केंद्रांमधील २८२६ रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या आणि काही आठवड्यांत निष्कर्ष छापले. डॉ. संतोष होनावर तेव्हा संपादक होते. त्यांपैकी ७८ टक्के रुग्णांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेले होते. हे दोन आकडे हातात आल्यावर फिजिशियन मित्रांशी बोलणे सोपे झाले. “साखर बघा, स्टेरॉइड जपून द्या” हे मी आधीही सांगत होतो, पण तेव्हा ते एका नेत्रतज्ज्ञाचे मत होते.

हे नियतकालिक कोणालाही विनामूल्य वाचता येते. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, टाळेबंदीत कोणते रुग्ण तपासावेत, कोणत्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात, डोळे तपासण्याच्या स्लिट लॅम्प यंत्रावर श्वास अडवणारा पडदा कसा लावावा, याचे संघटनेचे एकमताचे निवेदनही त्यातच आले होते. मी तो पडदा जुन्या एक्स-रे फिल्मचा केला होता.

द्राक्षबाग_पिंपळगाव

काडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी असते. दोन वर्षांपूर्वी गोडी छाटणीत माझ्या एका मजुराच्या डोळ्याला तुटलेली काडी लागली. संध्याकाळी डोळा लाल झाला, म्हणून तो जवळच्या औषधाच्या दुकानात गेला आणि त्याला तिथे एक थेंबांची बाटली मिळाली. पहिले दोन दिवस आराम वाटला. पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. आम्ही त्याला नाशिकला नेले, तेव्हा डॉक्टरांनी बाटली पाहून कपाळाला हात लावला, कारण त्यात स्टेरॉइड होते. बुरशीला ते खतपाणीच ठरले. दोन महिने उपचार होऊनही नजर गेली आणि आता तो बुबुळ रोपणाच्या प्रतीक्षायादीत आहे.

त्या बाटलीवर प्रिस्क्रिप्शनशिवाय विकू नये, असे लाल अक्षरांत लिहिलेले होते. ते मी वाचले, दुकानदाराने वाचले नाही आणि मजुराला वाचता येत नाही. आता आम्ही छाटणीच्या आधी मजुरांना प्लास्टिकचे साधे गॉगल देतो. अर्धे जण ते घामामुळे काढून ठेवतात, हेही सांगतो. संघटनेने नेत्रदान पंधरवड्यात पदयात्रा जरूर काढाव्यात, पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या औषध दुकानदारांची एक बैठक घेतली तर बुबुळांची मागणीच थोडी कमी होईल.

डॉ_नेत्रांजन

शंभर टक्के सहमत. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली होती, तेव्हाही नेमके हेच झाले. विषाणूमुळे आलेले डोळे बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात, पण स्टेरॉइडने लाली लवकर ओसरते म्हणून तीच बाटली घरोघरी फिरली. महिनोन्‌महिने असे थेंब घालणाऱ्यांना काचबिंदू होतो आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. दुकानदारांच्या बैठकीची सूचना मी आमच्या शहरातील मंडळींपुढे ठेवतो. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

चष्मेवाले_मेनरोड

मी चष्म्याच्या व्यवसायात तिसऱ्या पिढीतील आहे. संघटनेबद्दल आदर राखून एक बाजू मांडतो. व्यावसायिक संघटना रुग्णाचे हित पाहते, तसेच आपल्या सदस्यांची हद्दही राखते. ऑप्टोमेट्रिस्टने काय करावे आणि काय करू नये, यावर नेत्रतज्ज्ञांच्या मंडळींमध्ये जेवढा वेळ चर्चा होते, तेवढा वेळ पेठ-सुरगाण्यात नंबर कोण काढणार, यावर होत नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात ऑप्टोमेट्रीचा समावेश झाला आहे. माझी मुलगी तोच अभ्यासक्रम शिकते आहे. तिला काचबिंदूचा संशय आला तर ती रुग्ण डॉक्टरांकडेच पाठवणार आहे. तिला स्पर्धक समजू नये, एवढीच अपेक्षा.

रोखठोक_सातपूर

सर्व वाचले आणि माझे मत थोडे मवाळ झाले, हे मान्य करतो. तरीही व्यवहाराचा प्रश्न राहतोच. उद्या माझ्या डोळ्याचे वाटोळे झाले आणि संघटनेला अधिकार नाहीत, तर मी कोणाचे दार ठोठवायचे?

डॉ_नेत्रांजन

दारे वेगवेगळी आहेत आणि चुकीच्या दारात लोकांची वर्षे जातात. पहिले काम म्हणजे रुग्णालयाकडून आपल्या सर्व नोंदींच्या प्रती लेखी अर्ज करून घेणे. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाबद्दल तक्रार असेल तर ती महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाते. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग आहे, कारण १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. रुग्णालयातील सोयी, दरपत्रक, वागणूक यांबद्दलची तक्रार नोंदणी देणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे, म्हणजे नाशिक शहरात महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे करता येते. शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे.

आता संघटनेचा संबंध कुठे येतो, ते सांगतो. यांपैकी कोणत्याही ठिकाणी प्रश्न विचारला जातो तो असा की, एका सर्वसाधारण सक्षम नेत्रतज्ज्ञाने या परिस्थितीत जे केले असते, ते या डॉक्टरने केले का? ‘सर्वसाधारण सक्षम’ म्हणजे काय, हे ठरवताना दोन्ही बाजूंचे वकील संघटनेच्या मार्गदर्शक सूचना काढतात. ज्या कागदाला स्वतःचे दात नाहीत, त्याला अशा ठिकाणी दात फुटतात. म्हणूनच असे कागद शक्य तितके सौम्य आणि मोघम लिहावेत, असाही आमच्यातील एका गटाचा आग्रह असतो. मी त्या गटात नाही, पण त्यांची भीती मला समजते.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला सुरगाणेकरांच्या सतरंज्यांत आणि अनघाताईंच्या अनुभवात मिळाले. कागद आहे, फक्त तो शेवटच्या खुर्चीपर्यंत येईपर्यंत विरतो.

मी एक गोष्ट केली. संमतीविषयी वाचताना सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली प्रकरणातील निकाल सापडला. रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजतील इतकी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती, असा त्याचा आशय आहे. तो निकाल आणि माझ्या पत्नीचा अनुभव असे दीड पानाचे पत्र मी त्या रुग्णालयाला सभ्य भाषेत दिले. चार दिवसांनी तेथील डॉक्टरांचा स्वतः फोन आला. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आहे आणि संमतिपत्र मराठीत, ठळक अक्षरांत, आदल्या दिवशी घरी देणार आहेत. “तुम्हीच एकदा भाषा तपासून द्या,” असेही ते म्हणाले. मी तयारी दाखवली. ‘पश्चकोष फाटणे’ हा शब्द खोडून मी ‘भिंगामागचा पातळ पापुद्रा फाटणे’ असे लिहिले आहे. येथील डॉक्टरांनी ते बरोबर आहे का, एवढे सांगावे.

आणखी एक विचारतो. प्रयागराजला २०१९ आणि २०२५ च्या कुंभात भाविकांची नेत्रतपासणी मोठ्या प्रमाणावर झाली, चष्मेही वाटले गेले. सिंहस्थ आता आपल्याकडे आहे. नाशिकच्या मंडळींनी काही ठरवले आहे का?

डॉ_नेत्रांजन

काका, पापुद्रा अगदी बरोबर आहे. त्याच्यापुढे ‘असे झाल्यास भिंग बसवण्याची पद्धत बदलावी लागू शकते किंवा दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते’ हे वाक्य जोडा. रुग्णाला शब्दापेक्षा परिणाम कळायला हवा. सिंहस्थाबद्दल आमच्या गप्पा झाल्या आहेत, ठराव झालेला नाही.

सुरगाणेकर_निवृत्त

सिंहस्थात तपासणी अवश्य करा. साधुग्रामात दोन टेबले टाका, नंबर काढा, जवळचे चष्मे तिथल्या तिथे द्या. शस्त्रक्रिया मात्र तंबूत एकही नको. मोतीबिंदू दिसला तर रुग्णाच्या गावाचे आणि जिल्हा रुग्णालयाचे नाव लिहून चिठ्ठी द्या. चिठ्ठी हिंदीत आणि मोठ्या अक्षरांत असू द्या. नंबर काढायला माणसे कमी पडली तर मला निरोप द्या. माझी जुनी ट्रायल फ्रेम आणि काचांची पेटी अजून चांगल्या स्थितीत आहे.